झाकण कुरकुरतंय, तेल कुठलं घालू?

मेच्या अंकात लॅपटॉपच्या उन्हाळ्यातल्या काळजीबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की झाकणाच्या बिजागरीत घरातलं तेल सोडू नका. बाकी लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण त्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. काही रागाची, बरीचशी गोंधळलेली. म्हणून या वेळचं सदर सगळं बिजागरीचं. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत, गावं मात्र ठेवली आहेत. गावावरून मला तिथली धूळ कुठली आणि ऊन किती ते कळतं.

प्रश्न : भाऊ, मी पारोळ्याला शिक्षिका आहे. लॅपटॉप पाच वर्षांचा. हल्ली झाकण उघडताना करकर वाजतं आणि जोरही जास्त लागतो. वर्गात उघडला की पोरं एकमेकांकडे बघून हसतात. सासूबाई म्हणतात खोबरेल सोड, मिस्टर म्हणतात शिलाई मशिनचं तेल घाल. तुम्ही दोन्ही नको म्हणता. मग घालायचं तरी काय?

उत्तर : ताई, नाव सांगतोच, पण आधी ती बिजागरी करते काय ते बघू, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. दाराच्या बिजागरीनं दार सहज फिरू द्यायचं असतं. लॅपटॉपच्या बिजागरीनं झाकण धरून ठेवायचं असतं. तुम्ही ज्या कोनात सोडाल तिथंच स्क्रीन उभी राहायला हवी, पंख्याच्या वाऱ्यानं किंवा टायपिंगच्या हादऱ्यानं हलायला नको. त्यासाठी आत एका पोलादी दांड्यावर पातळ चकत्या आणि वाकवलेले स्प्रिंग वॉशर ओळीनं चढवून टोकाला नट आवळलेला असतो. काही बिजागऱ्यांत चकत्यांऐवजी दांड्याभोवती पोलादाची पट्टी घट्ट गुंडाळलेली असते. दोन्हीकडे काम घर्षणाचंच. थोडक्यात, तो ब्रेक आहे, आणि मोटारसायकलच्या ब्रेक लायनरला कुणी तेल पाजत नाही.

मग कंपनीवाले तिथं ग्रीस का लावतात, हा प्रश्न तुमच्या मिस्टरांना पडेल. लावतात, पण घट्ट जातीचं आणि अगदी थोडं. त्याचं काम चकत्या एकमेकींना चावू नयेत आणि झाकण झटके न देता सारखं फिरावं, एवढंच. चार-पाच वर्षांत ते वाळतं, त्यात धूळ मिसळते आणि काळा लगदा होतो. आपल्याकडे खानदेशात मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत तर त्याहून किती तरी जास्त. तिथं विसरलेल्या लॅपटॉपमधलं ग्रीस लवकर संपतं. मग धातूवर धातू घासतो, ओरखडे पडतात, बिजागरी जड होते आणि बोलू लागते.

आता आवाज आणि जडपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या सुट्या करू. लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा. झाकण मधोमध धरून सावकाश उघडा आणि दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीवरच्या प्लास्टिकच्या टोपणावर दाबून ठेवा. दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर कुरकुर प्लास्टिकची आहे. टोपण आणि स्क्रीनभोवतीची चौकट एकमेकांना घासतात. तिथं कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडली, टोपण नीट बसवलं, की बहुतेक वेळा भागतं. बोट दाबूनही आवाज तसाच, आणि झाकण उघडताना खालचा भागच टेबलावरून उचलला जातोय, तर मामला धातूचा.

धातूचा असेल तर हातात काहीही घेण्याआधी मोबाइलची टॉर्च लावा. झाकणाचा खालचा कोपरा, म्हणजे चौकट आणि पाठ जिथं जुळतात ती जागा, आणि कीबोर्डच्या मागचा कोपरा, दोन्हीकडे दोन्ही बाजूंनी बघा. कुठं फट आहे का? लग्नपत्रिकेचा कागद शिरेल एवढी फट दिसली तर थांबा. झाकण उघडझाप बंद. तुमचा आजार पुढं गेलाय आणि त्याचं उत्तर खाली रावेरच्या मुलाला दिलंय ते वाचा.

ही फट का पडते हे कळलं की जड बिजागरीला मी एवढा का घाबरतो ते कळेल. बिजागरीची पट्टी तीन-चार बारीक स्क्रूंनी प्लास्टिकला जोडलेली असते. ते स्क्रू प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेल्या पितळी नटांत फिरतात. तुमचं बोट झाकणाच्या वरच्या कडेला, म्हणजे बिजागरीपासून साधारण २० ते २२ सेंटिमीटर दूर असतं. स्क्रू मात्र अडीच-तीन सेंटिमीटरांच्या आत. तुम्ही कडेला एक किलोचा जोर लावला की तरफेच्या हिशेबानं स्क्रूंपाशी सात-आठ किलोची ओढ पडते. मधोमध धरून उघडलं तर ती दोन्ही बिजागऱ्यांत वाटली जाते. एका कोपऱ्याला धरून उघडलं, आणि निम्मी दुनिया तसंच उघडते, तर बरीचशी एकीवरच. बिजागरीच्या पोलादाला याचं काही वाटत नाही. पितळी नट प्लास्टिकातून उपटून निघतात. म्हणून आजपासून दोन्ही हातांनी किंवा मधोमध धरून उघडा, हे औषध फुकट आहे आणि सगळ्यांना लागू आहे.

आता तेलं. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. थंडीत आपल्याकडे रात्री पारा १० च्या आसपास उतरतो, तेव्हा ते बिजागरीतही गोठणार. उन्हाळ्यात पातळ होऊन पसरणार आणि वर्षभरात खवट होऊन चिकटणार. शेंगदाण्याचं, करडईचं तर त्याहून चिकट. शिलाई मशिनचं तेल चांगलं तेल आहे, पण ते भरधाव फिरणाऱ्या दांड्यासाठी केलेलं, पातळ. ते एका जागी थांबत नाही. बिजागरीच्या पोटातूनच स्क्रीनची वायर वर जाते, तिच्या कडेनं ते चढतं. चौकटीतून स्क्रीनच्या थरांत शिरलं की जो डाग पडतो तो कुणालाही पुसता येत नाही. व्हॅसलीनही नको, आपल्या उन्हाळ्यात ते पातळ होऊन ओघळतं.

हवं ते सिलिकॉन ग्रीस. नळ दुरुस्त करणाऱ्यांकडे, घड्याळवाल्यांकडे, प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानांत छोट्या डबीत मिळतं. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये विचारलंत तर कुणी ना कुणी देईल. एक लक्षात ठेवा, प्रोसेसरवर लावायची पांढरी पेस्ट म्हणजे हे नव्हे. दिसायला दोन्ही सारख्या, आणि ती पेस्ट बिजागरीत भरलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात. पांढरं लिथियम ग्रीस धातूला चालतं, पण प्लास्टिकला लागू द्यायचं नाही.

तुमच्या लॅपटॉपला फट नसेल आणि बिजागरीचा दांडा बाहेरून दिसत असेल तर घरी एवढंच करा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. इअरबडला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सांध्यावरची काळी घाण पुसा. बड ओला हवा, टपकता नको, आणि स्क्रीनला लागता कामा नये. वाळू द्या. टूथपिकच्या टोकावर बाजरीच्या दाण्याएवढं ग्रीस घेऊन चकत्यांच्या सांध्यावर ठेवा. झाकण सावकाश थोडंसं पुढंमागं करा, बाहेर आलेलं पुसून घ्या. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. चटकन फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर आणखी ग्रीस ओतू नका. बिजागरी आतून साफ करायला हवी, आणि त्यासाठी ती काढावी लागते.

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत आहे. गंजलेले बोल्ट सोडवायला आम्ही डब्ल्यूडी-४० हा डब्यातला फवारा मारतो, दोन मिनिटांत मोकळे. तेच लॅपटॉपच्या बिजागरीवर मारलं. दोन दिवस एकदम मऊ चाललं, आता पहिल्यापेक्षा घट्ट झालंय. डबा नकली असेल का?

उत्तर : डबा अस्सलच असेल, दादा, कारण त्यानं त्याचं काम चोख केलंय. ही चीज १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाली, धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसावा प्रयोग जमला म्हणून नावात ४०. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज लागू नये म्हणून ती वापरली गेली. तिच्यात मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा आहे. तो फटीत शिरतो, जुनं ग्रीस विरघळवतो, बाहेर काढतो आणि उडून जातो. मागं राहतो तो पातळ थर. बोल्टला तेवढं पुरतं, कारण बोल्ट एकदा सोडवला की संपलं. बिजागरीत मात्र कंपनीचं उरलंसुरलं ग्रीस तुम्ही धुऊन काढलंत. दोन दिवस मऊ चाललं ते त्या थराच्या जोरावर, आता चकत्या कोरड्या घासताहेत.

आणखी एक. असले द्रावक आणि पातळ खनिज तेलं काही जातींच्या प्लास्टिकला बारीक तडे पाडतात, विशेषतः ज्या प्लास्टिकवर आधीच ताण आहे त्याला. बिजागरीजवळच्या खुंट्यांवर दिवसरात्र ताणच असतो. म्हणून टॉर्च लावून कोपरे बघा. शाबूत असतील तर बिजागरी काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. फवारा फक्त एकाच परिस्थितीत चालेल, बिजागरी लॅपटॉपमधून सुटी काढून हातात असताना, गंज साफ करायला. पुसून कोरडी केल्यावर मग ग्रीस.

प्रश्न : मी रावेरचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. लॅपटॉप सेकंडहँड घेतला. डावा कोपरा उघडला की कट्ट असा आवाज येऊन झाकणाची चौकट फाकते. एका दुकानदारानं झटपट चिकटवणाऱ्या गोंदानं चिकटवून दिलं, आठवड्यात पुन्हा तेच. आता तो म्हणतो पूर्ण बॉडी बदल. तेवढे पैसे नाहीत. घरी काही होईल का?

उत्तर : होईल मित्रा, पण कामाचा क्रम उलटा करू नको. त्या दुकानदारानं तुटलेलं चिकटवलं आणि जिच्यामुळे तुटलं ती बिजागरी तशीच घट्ट ठेवली. ती चिकटवलेलं पुन्हा उपटणारच. आधी बिजागरी सैल करायची, मग प्लास्टिक.

उघडण्याची पद्धत सांगतो, ती सगळ्यांच्याच कामाची आहे. लॅपटॉप शटडाऊन कर, स्लीप नव्हे. चार्जर काढ. खालचे स्क्रू काढताना एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीनं लाव, कारण त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरून कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं किंवा मदरबोर्ड दुखावतो. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. कव्हर उचलायला जुनं एटीएम कार्ड घे, स्क्रूड्रायव्हर नको. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवणं. आणि खालचं कव्हर काढलेलं असताना झाकणाची उघडझाप अजिबात करायची नाही. कव्हर गेलं की बिजागरीचा अर्धा आधार जातो आणि धड असलेली बाजूही तुटते. बरेच लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावरच असे मरतात.

डाव्या बिजागरीतून स्क्रीनची वायर जात असेल किंवा वायफायच्या अँटेनाच्या बारीक वायरी. त्यांचा फोटो काढून ठेव, बसवताना त्याच खाचेतून गेल्या पाहिजेत. पट्टीखाली चेमटल्या की स्क्रीन लुकलुकते नाहीतर वायफाय अशक्त होतं.

बिजागरी सुटी झाली की हातानं फिरवून बघ. दोन्ही हातांचा जोर लागत असेल तर ती नक्कीच घट्ट आहे. अल्कोहोलनं पूस, टोकाचा नट पाव फेरा सैल कर, ग्रीस लाव, फिरवून बघ. पुन्हा घट्ट वाटली तर आणखी थोडा. उजवीही काढून दोन्ही सारख्या जडपणाच्या कर, नाहीतर झाकण पिळतं. टोक नटाऐवजी रिव्हेटनं बंद असेल तर सैल करता येत नाही. मग नवी जोडी आण. मॉडेलच्या नंबरानं मिळते आणि पूर्ण बॉडीच्या मानानं किती तरी स्वस्त पडते.

मग प्लास्टिक. झटपट गोंद इथं कुचकामी, कारण तो कडक होतो आणि ठिसूळही, शिवाय पातळ असल्यानं स्क्रूच्या आट्यांत आणि बिजागरीच्या पोटात शिरतो. दोन ट्यूबा मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद घे, आणि त्यातही पाच मिनिटांत वाळणारा नको, सावकाश वाळणारा घे. आधीचा गोंद खरवडून काढ, जागा पॉलिशपेपरनं खरखरीत कर, पूस. पितळी नट पट्टीला स्क्रूनं जोडून सगळं एकत्रच जागेवर बसव, म्हणजे अंतरं चुकत नाहीत. स्क्रूंच्या आट्यांना बसवण्याआधी तेलाचं बोट लाव. हो, तेलाचं. इपॉक्सीनं स्क्रू कायमचे धरू नयेत म्हणून, आणि या सबंध सदरात तेल लावा असं मी फक्त इथंच सांगतोय. नटाभोवती इपॉक्सी भर, स्क्रीनच्या आणि वायरीच्या जागेत जाऊ देऊ नको. २४ तास हात लावायचा नाही. तुझ्या वयाला हे सगळ्यांत अवघड.

खुंट्या पार चुरा झाल्या असतील तर दुसरा मार्ग म्हणजे झाकणाच्या पाठीतून आरपार भोक पाडून चपट्या डोक्याचे बारीक बोल्ट टाकणं. बाहेरून डोकी दिसतात, शोभत नाही. पण विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला मी स्वतः हेच सुचवतो, पदवीपर्यंत हलत नाही. भोक पाडताना स्क्रीनचा पॅनल बाजूला काढलेला असला पाहिजे, आणि पॅनल काढायची हिंमत नसेल तर एवढ्या कामापुरतं कारागिराकडे जा. बिजागरी सैल करूनच बोल्ट टाक, हे त्याला मात्र आधी सांग.

प्रश्न : अमळनेरहून लिहितो. आयटीआयमध्ये फिटर शिकवण्यात उमेद गेली, आता निवृत्त. हलणाऱ्या भागाला वंगण हा आमचा पहिला धडा. तुम्ही लोकांना उगाच घाबरवता. आमच्या भाषेत विचारतो, "तेल नही लावानं, त मंग काय तूप लावानं का?"

उत्तर : सर, तूप म्हणाल तर अमळनेरकरांना तो हक्क आहे. १९४५ साली तुमच्या गावात वनस्पती तूप काढायला निघालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स पुढं विप्रो झाली आणि ऐंशीच्या दशकात कम्प्युटर बनवू लागली. तुपाकडून कम्प्युटरकडे जाणारा रस्ता तुमच्याच गावातून गेलाय. तरी बिजागरीत तूप नको.

वंगणाच्या धड्याला माझा विरोध नाही. मीही वंगणच सांगतोय, फक्त जात आणि माप वेगळं. फिटरच्या वर्गात तुम्ही हेही शिकवलं असेल, की क्लचच्या प्लेटवर आणि ब्रेकच्या ड्रमवर वंगण गेलं की काम बिघडतं. ही बिजागरी त्या वर्गातली. तिच्या घर्षणाचा आकडा ठरवलेला असतो. पातळ तेलानं तो खाली आला की झाकण पडतं, मग लोक नट आवळतात. वर्षभरात तेल उडालं की तोच नट जास्त झालेला असतो आणि कोपरा फुटतो. तुमच्या हाताला टॉर्क समजतो, तुम्ही नट आणि ग्रीस दोन्ही नेमकं कराल. माझं वाक्य ज्यांच्या हातात तेलाची बुधली आणि डोक्यात दाराची बिजागरी आहे त्यांच्यासाठी होतं.

बाकी तुमच्यासारख्यांनी गावात रविवारी दोन तास बसून पोरांचे लॅपटॉप उघडून द्यायला सुरुवात केली, तर माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण चालेल.

प्रश्न : बोदवडला जिनिंगमध्ये हिशेब बघतो. सीझन सुरू झाला की लॅपटॉपच्या सगळ्या फटींत कापसाचे तंतू. बिजागरी आवाज करते म्हणून मशिनचं तेल लावलं होतं, तिथं आता काळं काहीतरी साचलंय.

उत्तर : तेल आणि तंतू एकत्र आले की तसंच होणार. तेल उडता तंतू धरून ठेवतं, त्यावर पुढचा बसतो. तुमच्या जागी बिजागरीवर बाहेरून ग्रीससुद्धा लावू नका. लावायचंच तर बिजागरी काढून आत, आणि बाहेर आलेला प्रत्येक कण पुसून. साचलेलं काळं लाकडी टूथपिकनं उकरा, अल्कोहोलच्या बडनं पुसा. हवेचा पंप मारू नका, तंतू आणखी आत जातात.

पण बिजागरीपेक्षा मला तुमच्या लॅपटॉपच्या पंख्याची काळजी वाटते. तो आणि त्यापुढची जाळी सीझनमध्ये तंतूंनी बुजते, लॅपटॉप तापतो, आणि बऱ्याच मॉडेलांत गरम हवा सुटते ती नेमकी बिजागरीजवळून. ग्रीस वाळण्याचं ते एक कारण. दिवाळीनंतर एकदा आणि सीझन संपल्यावर एकदा आतून साफ करून घ्या. गादीवर, गठाणीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका.

प्रश्न : धुळ्याहून. माझं उलटं आहे. झाकण धरतच नाही, थोडं मागं केलं की धपकन पडतं. यूट्यूबवर पाहिलं, नट आवळायचा म्हणतात. किती?

उत्तर : पाव फेरा. मग बसवून बघायचं, मग हवा तर आणखी पाव. दोन्ही बाजूंना तेवढाच. नट एकदम करकचून आवळणारे पुढच्या वर्षी रावेरच्या मुलासारखं पत्र लिहितात.

आवळण्याआधी मात्र बघा, बिजागरी खरंच सैल आहे की तिचे स्क्रू सैल आहेत. झाकण धरून हलक्या हातानं पुढंमागं हलवा. झाकण आणि खालचा भाग यांच्यात खेळ जाणवला, पट्टी हलताना दिसली, तर दोष स्क्रूंचा. ते घट्ट करायचे आणि त्यांच्या आट्यांना थोडं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ न देणारं चिकट औषध, तेही सुटू शकणाऱ्या जातीचं. ते प्लास्टिकला लागलं तर तडे पाडतं, म्हणून सुईच्या टोकावर घ्या. आधी कुणी तेल घातलं असेल तर आवळण्याच्या भानगडीत न पडता बिजागरी काढून, अल्कोहोलनं धुऊन ग्रीस लावा, निम्म्या वेळा तेवढ्यानंच पकड परत येते. धुऊनही सैल राहिली तर चकत्या झिजल्यात. जोडी बदला, एक बदलू नका.

प्रश्न : शिरपूर. नवा लॅपटॉप घेऊन महिना झाला. एका हातानं झाकण उघडलं की खालचा भागही उचलला जातो. बिजागरी घट्ट आहे का? ग्रीस लावू?

उत्तर : काहीही लावू नका. नव्या बिजागऱ्या थोड्या जड असतात, आणि हलक्या लॅपटॉपचा खालचा भाग उचलला जाणं साधी गोष्ट आहे. दोन्ही हातांनी उघडा. आवाज, कट्ट किंवा फट दिसली तर फोटो आणि व्हिडिओ काढून थेट सर्व्हिस सेंटर. वॉरंटीत तुम्ही स्वतः उघडलेला आणि ग्रीस लावलेला दिसला तर वाद घालायला त्यांना आयतं कारण मिळतं. एक सांगतो, कोपरा तडकला की अनेक ठिकाणी ते तुमच्या हातून पडला असंच धरतात. त्यामुळे फट केसाएवढी असतानाच लेखी तक्रार नोंदवा.

प्रश्न : नंदुरबारहून गृहिणी. मुलाच्या लॅपटॉपचं झाकण नीट बंद होत नाही, मधे उंच राहतं. कीबोर्डखालचा टचपॅडही जरा वर आल्यासारखा. दुकानात म्हणाले बिजागरी वाकली, ग्रीस लावून बघू. लावून आणलं, फरक नाही.

उत्तर : ताई, तुमचं पत्र सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून संपादकांना सांगून तुम्हाला वेगळं कळवायला लावलं. बाकीच्यांसाठी इथं देतो. टचपॅड वर येणं, झाकण मधे न मिटणं, खालचं कव्हर फुगणं, ही बिजागरीची लक्षणं नव्हेत. बॅटरी फुगली आहे. उष्णता आणि कायम १०० टक्क्यांवर चार्जरला लावून ठेवणं, दोन्हींनी हे लवकर होतं, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण दाबून मिटवायचा प्रयत्न करू नका. बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. जाणत्या कारागिराकडून काढून घ्या. नवी बॅटरी बसल्यावर झाकण आपोआप मिटेल, आणि बिजागरी कदाचित पूर्ण निर्दोष निघेल.

प्रश्न : साक्रीहून. बिजागरी वाचावी म्हणून मी लॅपटॉप कायम उघडाच ठेवतो. बरोबर ना?

उत्तर : दिवसातून दहा वेळा उघडला तरी वर्षाची उघडझाप साडेतीन हजारांच्या आसपास होते, आणि बिजागऱ्या त्याच्या कित्येक पट उघडझाप सोसतील अशा केलेल्या असतात. उघड्या लॅपटॉपच्या कीबोर्डात मात्र साक्रीची धूळ रोज जाते. काम झालं की मिटवा, मधोमध धरून.